गोकुळचा मॉनिटर

साल दोन हजार बावीस, आणि मी त्रेसष्ट वर्षांचा. आता तुम्ही म्हणाल, वाढत्या वयाच्या गोष्टी लिहायला बसलेला माणूस एकदम त्रेसष्टावर कसा आला. तर मला मिसरूड फुटलं सोळाव्या वर्षी, लग्न झालं एकोणिसाव्या वर्षी, पण अक्कल यायला जेवढी वर्षं लागायची तेवढी लागली. ती ज्या आठवड्यात आली तो आठवडा मला इथे लिहायचा आहे. माझी शाळा तिसरीपर्यंत. हे मी स्वतःच्या हाताने लिहितो आहे, कुणाला सांगून लिहून घेतलेलं नाही. अक्षर वाकडं असेल, पण माझं आहे.

मी हेडी होतो. हेडी म्हणजे बैलांचा व्यापारी. शहाद्यापासून नवापूरच्या डोंगरापर्यंत एकही बाजार नसेल जिथे माझ्या काठीला कुणी ओळखत नव्हतं. बैल उभा राहिला की मी लांबूनच सांगायचो, हा चौदाती आहे म्हणजे चार दातांचा, हा जुळलेला आहे म्हणजे सगळे दात आलेला, हा मागच्या उजव्या पायाने उद्या लंगडणार. सौदा तोंडाने व्हायचा नाही. रुमालाखाली एकाने दुसऱ्याची बोटं धरायची, बोटांनीच भाव सांगायचा, आणि रुमाल उचलला की झालं. त्यानंतर शब्द नाही. शेतकऱ्याने जनावर परत आणलं तर त्याला माफ असतं, त्याला काय कळतं म्हणून लोक सोडून देतात. पण हेड्याने आणलं तर पुढच्या बाजारी त्याच्या हातावर कुणी रुमाल टाकत नाही. मी एकदा खापर गावच्या बाजारात डाव्या डोळ्याने आंधळा बैल विकत घेऊन बसलो होतो. घरी आल्यावर कळलं. चार वर्षं त्याला दावणीला खाऊ घातलं, पण कुणाला बोललो नाही. याचा मला अभिमान होता. खरं सांगतो, थोडा अजूनही आहे.

तर गोकुळ. माझा एकुलता एक मुलगा, तेव्हा एकतीस वर्षांचा. ट्रक चालवायचा. विसरवाडीच्या पुढे हायवेला त्याची गाडी उलटली, आणि कमरेखालचं सगळं गेलं. त्या दिवशी तो गाडीवर का होता ते पुढे येईल, ते लिहायला मला जड जातं. दीड वर्ष झालं होतं. ओसरीला लागून जी खोली आहे, जिथे पूर्वी कडबा आणि बैलांच्या झुली असायच्या, तिथे त्याची खाट होती. खोलीत सुरुवातीला दोन वास, एक पाठीला लावायच्या तेलाचा आणि एक अंगणात वाळत घातलेल्या मिरचीचा. मिरचीमुळे त्याला ठसका लागायचा, आणि ठसका लागला की पोटाला कळ यायची, म्हणून त्याच्या आईने त्या वर्षी मिरची शेजारणीच्या गच्चीवर टाकली. मला हे फार उशिरा कळलं. मला वाटलं, अंगणात ऊन कमी पडतं म्हणून टाकली असेल.

दिवसभर तो कॉम्प्युटरवर लोकांचे फॉर्म भरायचा. पीकविमा, रेशनकार्ड, निराधारांचा पगार, जे येईल ते. आडवा पडूनच. मान उंच करायची त्याला मनाई होती, एका उशीच्या वर नाही. गावातल्या वेल्डरने भिंतीत एक लोखंडी हात बसवून दिला होता, त्याच्या टोकाला छोटा जुना मॉनिटर पाठीमागच्या चार स्क्रूंवर टांगलेला, बरोबर त्याच्या तोंडावर यायचा. आणि संध्याकाळी पाच वाजले की फॉर्म बंद, आणि तो ट्रक चालवायचा गेम लावायचा. मला त्या गेमचा राग होता. एवढा बाप्या माणूस आणि खेळतो. खोलीतून इंजिनाची घरघर ऐकू यायची, ब्रेकची फुसफुस, आणि मध्येच इंडिकेटरची टिकटिक. गेममध्येसुद्धा वळताना इंडिकेटर द्यायचा. त्याची आई चहा घेऊन जायची आणि उंबऱ्यातून विचारायची, “कथा पोचना रे?” तो म्हणायचा, “घाट उतरी ऱ्हायनू माय. खाले उतरी चहा लेस.” आणि खरंच घाट उतरून, गाडी बाजूला लावून, मग चहा प्यायचा. तोपर्यंत ती कपावर बशी झाकून उभी. मी ओसरीवरून हे ऐकायचो आणि मनात म्हणायचो, दोघं येडे झाले.

मग तो मॉनिटर गेला. आधी उभ्या रेघा आल्या, मग एक दिवस उघडलाच नाही. गोकुळने उशाशी ठेवलेल्या फोनवर दोन दिवस काय काय पाहिलं आणि एका कागदावर लिहून माझ्या हातात दिलं. समजावूनही सांगितलं. “आबा, चोवीस इंची लई या. मोठा नको, मी जवळ ऱ्हास. बाजूथीन, खालथीन दखं तरी रंग उडाले नको असा पाहिजे. मांगे चार छेदा पाहिजेत भितडावर टांगाले. चकचकीत काच नको, खिडकी समोर शे. फॉर्म बी दखाले पाहिजे, गेम बी जरासा चांगला चालाले पाहिजे. बस. दुकानमा हाऊ कागद दखाडी द्या.” मी कागद घडी करून बंडीच्या खिशात ठेवला.

शहाद्याला स्टँडजवळच्या गल्लीत चेतनचं दुकान. चेतन म्हणजे पंचविशीतला पोरगा, पण त्याच्या आजोबांनी माझ्याकडून निमाडी बैलजोडी नेलेली, आणि ते म्हातारे रोज सकाळी दुकानात खुर्ची टाकून बसायचे. मी पायरी चढलो तसे ते म्हणाले, “या नाना! अरे चेतन, खुर्ची दे. ज्यानी आयुष्यमा एक बी खोटं जनावर विकं नही, तो मानूस शे हाऊ.” आता हे ऐकल्यावर मी खिशातून कागद काढून पोराला वाचायला देणार का? कागदावर अर्धं इंग्रजी. त्याने मला काही विचारलं असतं तर मला एक अक्षर सांगता आलं नसतं. चेतन चांगला होता, मी त्याला दोष देत नाही. त्याने विचारलं, “नाना, कोण वापरी? टेबलवर बठी का?” मी म्हणालो, “मन्हा पोऱ्या वापरी.” त्याने विचारलं, “त्यानी काही लिखी दिधं का?” मी डोळ्यांकडे बोट करून म्हणालो, “कागद नही. डोया लई येल शे.” म्हातारे खूष होऊन हसले. चेतन म्हणाला, “एक फोन लाई दखूत का त्याले?” मी म्हणालो, “बैल लेवाना टाइमले कोनी घर फोन लावस का?”

भिंतीवर सात-आठ मॉनिटर लावलेले. चोवीस इंची होते ते मला वासरासारखे वाटले. आणि मधोमध एक होता, बत्तीस इंची, दोन्ही बाजूंनी आत वाकलेला, छाती काढून उभ्या राहिलेल्या बैलासारखा. त्यावर गाड्या पळत होत्या, लाल, निळ्या, अंगावर येत होत्या. मी समोर उभा राहिलो, डावीकडे गेलो, उजवीकडे गेलो, पाठीवर हात फिरवला. चेतन सांगत होता की हा गेमसाठी फार पळतो, पण मशीन तेवढं ताकदीचं पाहिजे, आणि बारीक अक्षर यात थोडं जाड दिसतं, कामासाठी तो बाजूचा छोटा बरा. मला वाटलं, पोरगा मला स्वस्तातलं दाखवतोय, म्हणजे याने मला ओळखलं नाही. मी म्हणालो, “हाऊ बांध.” बांधताना तो म्हणाला, “नाना, नही जमना ते सात दिनमा आना, बदली दिसू.” मी त्याच्याकडे असं पाहिलं की तो खाली बघून सुतळी आवळायला लागला.

घरी खोकं उघडलं तेव्हा गोकुळने आधी त्यावरचा आकडा वाचला. मी म्हणालो, “कसा शे?” तो म्हणाला, “कागद दखाडा व्हता का?” मी म्हणालो, “दुकानदार म्हने, हाऊ सगळास्मा भारी.” खोटं बोललो. हे इथे पहिल्यांदा लिहितो आहे. वेल्डरने बसवलेला लोखंडी हात मॉनिटरच्या वजनाने खाली आला, भिंतीचं प्लास्टर सुटलं, गोकुळच्या तोंडावर माती पडली. मग मी स्टीलचं टेबल आणून खाटेच्या पायथ्याशी, खिडकीच्या बाजूला लावलं आणि त्यावर ठेवला. मी उभा राहून पाहिला. झकास दिसत होता.

पुढचे दिवस घरातून आवाज गेला. एवढंच सांगतो. पाच वाजायचे, पण घरघर नाही, टिकटिक नाही. पहिल्या दिवशी त्याने गेम लावला होता, थोड्या वेळाने बंद केला, म्हणाला, गाडी अडकते आणि रस्ता दिसत नाही. मी म्हणालो, सवय होईल. दुसऱ्या दिवशी लावलाच नाही. तिसऱ्या दिवशी बिलावरची सात दिवसांची मुदत वाचून मला म्हणाला, “आबा, चार दिन शेतस अजून. बदली ल्या.” मी म्हणालो, “मी माल परत नेत नही. तुले माहीत शे.” त्याने तोंड भिंतीकडे केलं. आई चहा घेऊन जायची, आता काही विचारायची नाही, कप ठेवून यायची. कप थंड होऊन परत यायचा. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी दुधात कुस्करून दिली तरी दोन घास. पाठीला रोज तेल लावताना तो कूस बदलायला हाताने जोर करायचा, तोही करेना. डॉक्टरांनी सांगितलेलं, हात चालू ठेवले नाहीत तर तेही जातील. ओसरीवर बसून मी हे सगळं बघत होतो आणि मनात हिशोब एकच, की शहाद्याच्या बाजारात लोक काय म्हणतील.

सहाव्या दिवशी दुपारी कमलबाई आली. कमलबाई म्हणजे आमच्याच गल्लीतली विधवा बाई, मजुरीला जाते. गोकुळने तिचा निराधार पगाराचा फॉर्म चार दिवसांपूर्वी भरला होता. ती उंबऱ्यातच बसली आणि म्हणाली, “गोकुळभाऊ, फॉर्म परत उना रे. बँकना नंबर चुकना म्हनतस. दोन दिन मजुरी बुडाडी मी नंदुरबारले गऊ.” गोकुळने तिचं पासबुक डोळ्यांजवळ धरलं, मग लांबच्या टेबलावरच्या मॉनिटरकडे पाहिलं, पुन्हा पासबुक पाहिलं. म्हणाला, “मावशी, मनी चूक शे. आठना ठिकाने तीन पडी गया. मले दखायनंच नही.” मी ओसरीवरून ओरडलो, “अंगठाबहाद्दर बाई, सही करानी आगे दखाले नको का?” कमलबाई उठली. ती गरीब बाई, पण तिने मला नीट उत्तर दिलं. “नाना, मले वाचता येत नही म्हनीसन मी याना जवळ येस. मी निदान ते कबूल ते करस.” आणि गेली.

मी खोलीत गेलो, गोकुळला म्हणालो, “तू असल्यांना डोक्यावर चढवतोस.” तो माझ्याकडे न बघता बोलला. हळू बोलला, म्हणून मला प्रत्येक शब्द ऐकू आला. “आबा, आजपाईन फॉर्म बंद. मशीन बी इकी टाका. तवय बी तुम्हीन शब्द पलटा नही, आते बी नही. तवय एकदाव पलटी दिधा ऱ्हाता, ते मी आज मन्हा पायवर उभा ऱ्हातू.”

आता ते लिहितो. अपघाताच्या दिवशी गोकुळ दोन दिवसांचा जागा होता. सकाळी घरी आला, चप्पल काढायच्या आधी म्हणाला, आबा, आज नको, डोळे मिटताहेत. पण एका केळीवाल्याला मी शब्द दिला होता की तुझा माल आज सुरतेकडे निघेल. गाडी गोकुळची, ड्रायव्हर गोकुळ, माल दुसऱ्याचा, आणि शब्द माझा. मी म्हणालो, “मी बोली गऊ.” तो उभ्याउभ्या चहा प्यायला आणि गेला. दुपारी उन्हात, सरळ रस्त्यावर, त्याला झोप लागली. दीड वर्षात हे घरात कुणीच बोललं नव्हतं. त्याच्या आईला हे माहीत होतं का, तेही मला माहीत नव्हतं. तिच्याकडे पाहिलं. ती दारात भांडं घेऊन उभी होती आणि तिचा चेहरा तसाच होता. म्हणजे माहीत होतं.

मी ओसरीवर जाऊन बसलो. मला बोलता आलं नाही, असं आज लिहितो, पण तेव्हा मला वाटलं मी मुद्दाम बोललो नाही. संध्याकाळी ऊन उतरल्यावर रोजच्यासारखं शेजारचा भटू आला, आम्ही दोघांनी गोकुळला उचलून अंगणातल्या बाजेवर ठेवलं, त्याची आई पाठ पुसायला बसली. मी खोलीत चादर बदलायला गेलो. चादर ओढली, नवी टाकली, आणि का कोण जाणे, खाटेवर बसलो. मग आडवा झालो. त्याच्या उशीवर डोकं ठेवलं, त्याचं डोकं जिथे असतं त्या खळग्यात.

तिथून मॉनिटर दिसतच नव्हता. म्हणजे दिसत होता, पण वाकलेल्या कडेमुळे अर्धाच, आणि त्यावर खिडकी चकाकत होती. गोकुळच्या आईचं धूळ पुसताना कुठे बोट लागलं म्हणून तो चालू होता, त्यावर गोकुळने कायम लावून ठेवलेलं त्याच्या गेममधल्या ट्रकचं चित्र होतं. रस्ता काळा असायला हवा, तो राखेसारखा झालेला. झाडं पांढरी. सगळीकडे धुकं. मी मान उंच केली तर रंग परत आला, मान उशीवर टेकवली की गेला. दोन-तीनदा केलं. मला मान उंच करता येत होती. त्याला मनाई होती. दुकानात मी डावीकडून पाहिला, उजवीकडून पाहिला, पाठीवर हात फिरवला, पण एकदाही खालून पाहिला नाही. आणि मी स्वतःला बैल पारखणारा म्हणवतो, जो बैल बसवून, उठवून, झोपवून पाहिल्याशिवाय घेत नव्हता.

मी कूस वळलो, भिंतीकडे, जिकडे तो तोंड करतो. तिथे उशीच्या उंचीला चुन्यावर खिळ्याने ओढलेली एक रेघ होती. उभ्या असलेल्या माणसाला ती दिसत नाही, खाटेचा गज आड येतो. रेघेवर लहान लहान टिंबं, आणि प्रत्येक टिंबाला नाव. शहादा. प्रकाशा. नंदुरबार. विसरवाडी. मला तेवढं वाचता येतं. विसरवाडीच्या पुढे रेघ नव्हती. चुना तिथे पोखरलेला होता, जणू खिळा एकाच जागी खूप दिवस फिरला होता.

त्यांनी गोकुळला परत आणलं तेव्हा मी टेबलाजवळ उभा होतो. त्याला खाटेवर ठेवलं. मी उशीकडे बोट दाखवून म्हणालो, “आठून काहीच दखात नही.” तो म्हणाला, “सहा दिनपाईन तेच सांगी ऱ्हायनू.” भटू चप्पल शोधत निघून गेला. मी म्हणालो, “तू त्या दिनले म्हने व्हता, झोप येस म्हनीसन.” त्याने डोळे मिटले. म्हणाला, “हां.” एवढंच. मी माफी मागितली असं मी लिहिणार नाही, कारण मागितली नाही. आणि त्याने माफ केलं असंही लिहिणार नाही. आज तीन वर्षं झाली, गोकुळ अजून आडवाच आहे, आणि त्या दिवसाबद्दल आम्ही त्यानंतर बोललो नाही. त्याच्या आईने मात्र त्या संध्याकाळी खोकं शोधून काढलं, थर्माकोलचे तुकडे एकेक करून त्यात लावले, आणि सुतळी माझ्यापुढे ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी, म्हणजे सातव्या दिवशी, मी पहिल्या एसटीने निघालो. खोकं मांडीवर मावेना, मधल्या जागेत ठेवलं. कंडक्टर म्हणाला, “नाना, घरमा थिएटर काढं का काय?” मी म्हणालो, “काढं व्हतं. बंद पडनं.” शहाद्याला उतरलो, खोकं डोक्यावर घेतलं, कारण हमालाला दिलं असतं तर त्याला सांगावं लागलं असतं कुठे आणि कशाला. दुकान नुकतंच उघडलं होतं. म्हातारे खुर्चीवर, दोन गिऱ्हाइकं, आणि एक शाळेचे मास्तर प्रिंटरची शाई घ्यायला आलेले. मी खोकं खाली ठेवलं आणि सगळ्यांच्या देखत म्हणालो, “चेतन, मन्ही चूक झाई. परत लई उनू.” म्हातारे काहीतरी बोलणार होते, मी त्यांच्याकडे पाहिलं नाही. मी टोपी काढून काउंटरवर ठेवली, धोतर सावरलं, आणि भिंतीवरच्या मॉनिटरांच्या खाली, दुकानाच्या फरशीवर, गोकुळसारखा आडवा झालो. फरशी गार होती, नुकतीच पुसलेली. मास्तर घाईने बाजूला झाले. चेतन काउंटरमागून धावत आला, “नाना! चक्कर उनी का? पानी आना रे कोनी!” मी म्हणालो, “पानी नको. पहिला चालू कर.” तो बघत राहिला. मग त्याने डावीकडचा पहिला चालू केला. त्यावर एक रस्ता आला, आणि मी मान फरशीला टेकवली तसा तो रस्ता राखेसारखा झाला. “हाऊ नही,” मी म्हणालो. “पुढला लाव.”